टायटॅनियम मिश्रधातूंचा ज्वलनरोध

टायटॅनियमयुक्त मिश्रधातूचा उच्च तापमानाला पेट न घेण्याचा, किंवा पेट घेतल्यास आग पुढे सरकू न देण्याचा गुण. यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. पुरेशी उष्णता, दाब आणि हवेचा झोत मिळाला की टायटॅनियमची बहुतेक कोणतीही मिश्रधातू पेटते. आग किती लांब जाऊन विझते, यावर तिची प्रत ठरते.

प्रश्न मुख्यतः जेट इंजिनाच्या कॉम्प्रेसरचा, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाचा. पाते आवरणाला घासले की घर्षणाने एक बिंदू तापतो. नेहमीच्या टायटॅनियम-6 ॲल्युमिनियम-4 व्हॅनेडियम (6 टक्के ॲल्युमिनियम, 4 टक्के व्हॅनेडियम) या मिश्रधातूची उष्णतावाहकता जेमतेम 7 वॅट प्रति मीटर-केल्व्हिन असल्याने ती उष्णता तिथेच साठते. एरवी धातूला जपणारा ऑक्साइडचा थर इथे टिकत नाही, कारण तापलेले घन टायटॅनियम ऑक्सिजन स्वतःत विरघळवून घेते. मग आग काही सेकंदांतच आवरण भेदते. अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने 1983 मध्ये इंजिनात टायटॅनियम कुठे व कसे वापरावे याबद्दल स्वतंत्र सल्लापत्रक काढले.

ज्वलनरोधी मिश्रधातूंची दोन घराणी मानतात. सोव्हिएत संघात तांब्याचे भरपूर प्रमाण असलेल्या बीटीटी-1 व बीटीटी-3 तयार झाल्या. अमेरिकेत प्रॅट अँड व्हिटनीने 35 टक्के व्हॅनेडियम व 15 टक्के क्रोमियम असलेली 'ॲलॉय सी' काढली, जी पुढे लढाऊ विमानाच्या एफ-119 इंजिनात वापरली गेली. आधी कोण, याविषयी एकमत नाही. दोन्हींचा काळ साधारण विसाव्या शतकाचा शेवटचा चतुर्थांश धरणे सुरक्षित. चीनची टीआय-40 आणि ब्रिटनमधील बर्टी ही ॲलॉय सीचीच भावंडे असून त्यांत महाग व्हॅनेडियम 25 टक्क्यांवर आणले आहे.

तांब्याच्या घराण्याचे स्पष्टीकरण फारसे वादग्रस्त नाही. टायटॅनियम व तांबे यांचे संयुग सुमारे 1000 अंश सेल्सिअसला, म्हणजे मूळ धातूच्या 1668 अंशांच्या पुष्कळ आधी, वितळते. वितळताना ते उष्णता शोषते आणि घासणाऱ्या पृष्ठभागांमध्ये वंगणासारखे पसरते. घर्षण घटले की पेटण्याचे कारणच उरत नाही.

व्हॅनेडियम-क्रोमियमबाबत मात्र मतभेद आहेत. एका मतानुसार व्हॅनेडियम पेंटॉक्साइड सुमारे 690 अंशांना वितळून वाफेने उडते आणि उष्णता घेऊन जाते. हे मत सर्वाधिक उद्धृत होते, पण असा वितळलेला ऑक्साइड खालच्या धातूला उघडेही पाडू शकतो, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. दुसऱ्या मतानुसार क्रोमियममुळे अधिक दाट बनलेला थर ऑक्सिजनची वाट अडवतो. तिसरा मुद्दा ऊर्जेचा आहे: ऑक्सिजनच्या अणूंच्या प्रत्येक मोलमागे (मोल म्हणजे अणूंची ठरावीक संख्या) टायटॅनियम जळताना सुमारे 470 किलोज्यूल उष्णता देते, क्रोमियम सुमारे 380 आणि व्हॅनेडियम 310. म्हणजे मिश्रण मुळातच कमी तापट. वाफेच्या मताला एकट्याने सगळे श्रेय देण्यापेक्षा शेवटच्या दोन कारणांना अधिक वजन द्यावे, असे दिसते.

चाचणीसाठी नमुना फिरत्या चकतीवर घासतात किंवा लेसरने त्याची कड पेटवतात, आणि तापवलेल्या हवेच्या झोतात किती लांबी जळली ते मोजतात. पद्धत बदलली की क्रमवारीही बदलू शकते, म्हणून वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एका तक्त्यात मांडू नयेत. शिवाय ॲलॉय सीची घनता शुद्ध टायटॅनियमच्या 4.5 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरहून बरीच जास्त भरते, त्यामुळे वजनातील फायदा काहीसा गळतो. गॅमा टायटॅनियम ॲल्युमिनाइड हे टायटॅनियम व ॲल्युमिनियमचे संयुग हलका पर्याय आहे, पण तो ठिसूळ.

महाराष्ट्रात या विषयाचा संबंध नाशिकशी येतो. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा ओझर येथील विभाग 1964 पासूनचा. मिग-21 व पुढे सुखोई-30 एमकेआय इथे तयार झाली. इंजिने मात्र ओडिशातील कोरापुटची, त्यामुळे ओझरला टायटॅनियम भेटते ते मुख्यतः विमानाच्या सांगाड्यात. तिथे वरील मिश्रधातूंची गरज पडत नाही. कारखान्यातली खरी जोखीम धातू यंत्रावर कापताना निघणाऱ्या किसाची आहे: बारीक, कोरडा कीस ठिणगीने पेटतो, म्हणून कूलंट (थंड ठेवणारा द्रव) भरपूर सोडतात, हत्यार धारदार ठेवतात आणि कीस साचू देत नाहीत. पेटलेल्या किसावर पाणी मारल्यास हायड्रोजन सुटून भडका वाढतो; कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही निरुपयोगी ठरतो. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची 'ड' वर्गाची भुकटी अलगद पसरून आग झाकतात.