लव्ह अँड अदर ड्रग्ज: चावटपणा, कंपवात आणि ठरलेला शेवट

2010 च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या 'लव्ह अँड अदर ड्रग्ज' या हॉलिवूडपटावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. एक, चावटपणा आणि आजारपण यांची मोट नीट बांधलेली नाही. दोन, शेवट पहिल्या अर्ध्या तासातच कळतो. यातला दुसरा आक्षेप तळकोकणातल्या माणसाच्या गळी उतरणं कठीण.

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडे लोक दशावतारी नाटकाला रात्रभर बसतात. कोण मरणार, कोणाचं लग्न लागणार, सगळं आधीच ठाऊक. लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं ते ठरतं आणि पेटी-पखवाजाच्या साथीवर नट उभ्या उभ्या भाषण रचतात. लोक जागतात ते या भाषणासाठी. आख्यानाआधी आडदशावतारात, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीच्या भागात, काळ्या कपड्यांतला संकासूर राक्षस येतो. वेद चोरल्याचा आरोप डोक्यावर असताना हा गडी मालवणीतून भटजीची फिरकी घेत असतो, आणि त्यातलं निम्मं घरी जाऊन सांगण्यासारखं नसतं. आजीही हसते, नातूही हसतो. मग विष्णू त्याला मारतो आणि कथा गंभीर वळणाला लागते. 1980 साली गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी हीच मोकळी जीभ व्यावसायिक रंगभूमीवर नेऊन बसवली.

हॉलिवूडला हे इतक्या सहज जमलं नाही. 1934 पासून 1968 पर्यंत तिथे पडद्यावर काय दाखवायचं याची निर्मात्यांच्या संघटनेची आचारसंहिता कडक होती. त्यामुळे प्रेमविनोद जगला तो टोमण्यांवर आणि बंद दारांवर. 1968 मध्ये वयानुसार प्रमाणपत्रं आली आणि दारं उघडली. आजाराची परंपरा मात्र त्याहून जुनी. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसच्या कथानाट्यांतली क्षयाने खंगणारी नायिका पुढे ऑपेरात गेली, सिनेमात आली. 1970 च्या 'लव्ह स्टोरी'त क्षय नाही, पण तरुण, देखणी नायिका शेवटी जाते ती जातेच. लेखकासाठी अशा आजाराची मोठी सोय असते: तो शेवट आयता आणून देतो.

'लव्ह अँड अदर ड्रग्ज'चा सांधा इथेच कुरकुरतो. मुळात 2005 चं जेमी रायडीचं पुस्तक आहे औषधविक्रीच्या धंद्याचं. डॉक्टरांना पटवणं, फुकट सँपल वाटणं, आणि मग व्हायग्रा. छातीतल्या कळांवर उपाय म्हणून तपासलं जाणारं हे औषध भलत्याच परिणामामुळे गाजलं आणि मार्च 1998 मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. कणकवलीत दवाखान्याच्या बाकावर बॅग मांडीवर घेऊन तासभर ताटकळणारा एमआर, म्हणजे औषध कंपनीचा विक्रेता, ज्याने पाहिला आहे, त्याला हा भाग लगेच ओळखीचा वाटेल. सिनेमाचा नायक असाच औषधविक्रेता आहे, पण तरुण वयातच पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, झालेली नायिका मॅगी पुस्तकात नाही. ती पटकथेने आणली. म्हणजे चावटपणा एका घरचा, आजार दुसऱ्या घरचा.

खरं तर या दोघांची सोयरीक आपल्या कुंपणावर फार पूर्वीच जुळली आहे. खाजकुहिलीच्या तपकिरी शेंगेवरची कुसं अंगाला लागली तर माणूस दिवसभर खाजवत बसतो, म्हणून ती वर्गातल्या बाकावर लावायचा उद्योग कोकणात बऱ्याच जणांनी केलेला असतो. तिच्या बिया, वैद्यांच्या भाषेत कपिकच्छू, दुधात शिजवून, साल काढून वाजीकरणासाठी, म्हणजे कामशक्ती वाढवायला, देतात आणि कंपवातावरही देतात. 1937 मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी या बियांमधून लेव्होडोपा वेगळं काढलं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस तेच पार्किन्सन्सवरचं मुख्य औषध ठरलं, आणि आजही आहे. (म्हणून कोणी बिया चघळायला जाऊ नये, लेव्होडोपाची मात्रा डॉक्टरच ठरवतात.) जेम्स पार्किन्सनने या आजाराचं वर्णन केलं ते 1817 मध्ये.

आता अडचण अशी, की पार्किन्सन्स तिसऱ्या अंकात नायिकेला मारत नाही. तो पंधरा-वीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त, सोबत राहतो. आधी हात थरथरतो, मग शर्टाचं बटण लागत नाही, चाल अडखळते. इतर प्रेमकथा मीलनापाशी सुखाने थांबतात, पण इथे खरी कथा तिथून पुढे सुरू होते. पटकथा त्या वाटेला जात नाही. स्वस्त औषधांसाठी म्हाताऱ्या मंडळींना घेऊन मॅगीची बस कॅनडाला निघते, नायक गाडी घेऊन पाठलाग करतो, भाषण ठोकतो. नायकाचा भाऊ तोवर पाचकळपणा करून झालेला असतो, पण त्याच्या विनोदाचा आजाराशी काडीचा संबंध नसतो. संकासूर निदान वेद चोरतो, म्हणजे कथेचं काहीतरी त्याच्या हातात असतं.

एका प्रसंगात मात्र सिनेमा खऱ्या गोष्टीच्या अगदी जवळ येतो. शिकागोत रुग्णांचा मेळावा असतो. तिथले लोक स्वतःच्याच थरथरीवर विनोद करतात, मॅगी पोट धरून हसते. तिथेच आजार बळावलेल्या एका बाईचा नवरा नायकाला बाजूला सांगतो, की बॅग भर, चिठ्ठी ठेव आणि एखादी निरोगी मुलगी बघ. हसणं आणि भीती पहिल्यांदाच एका खोलीत असतात. हा माणूस पुन्हा दिसत नाही. पटकथेला बस गाठायची असते.