ऑस्टिनमध्ये भूजल-पुनर्भरणाच्या गुहा साफ करण्यासाठी स्वयंसेवक होताना: पात्रता, परवानग्या आणि कागदपत्रे

टेक्सासमधील ऑस्टिन शहरात झिल्कर पार्कमध्ये बार्टन स्प्रिंग्ज नावाचा जो तीन एकरांचा नैसर्गिक जलतरण तलाव आहे, त्याचे पाणी उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात सारखेच, म्हणजे सुमारे २० ते २१ अंश सेल्सियस असते, कारण ते जमिनीखालच्या एडवर्ड्स जलधरातून, म्हणजे भूजल साठवणाऱ्या खडकाच्या थरातून, थेट वर येते. हे पाणी शहराच्या नैऋत्येला असलेल्या चुनखडीच्या पट्ट्यावर पावसाच्या रूपाने पडलेले असते. बार्टन, विल्यमसन, स्लॉटर, बेअर, लिटल बेअर आणि अन्यन या सहा ओढ्यांच्या पात्रांतून, तसेच माळावरच्या विवरांतून आणि गुहांतून ते खाली उतरते. यांपैकी अनेक विवरांची तोंडे पूर्वीच्या गुरेपालकांनी जनावरे आत पडू नयेत म्हणून दगड, काटेरी तार आणि मोडक्या सामानाने बुजवून टाकली, तर काही वाहून आलेल्या मातीने भरली. ती पुन्हा मोकळी करण्याचे काम आज मोठ्या प्रमाणात स्वयंसेवकांच्या हातून होते. गावाकडे श्रमदान केलेल्या आणि आता ऑस्टिन परिसरात राहणाऱ्या मराठी माणसाला या कामाची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या कामासाठी एकच अर्ज आणि एकच खिडकी अशी व्यवस्था नाही, आणि नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो येथेच.

कागदपत्रांकडे वळण्यापूर्वी एक फरक ध्यानात घ्यावा लागेल, कारण पुढची बहुतेक बंधने त्यातूनच येतात. महाराष्ट्राचा मोठा भाग बेसॉल्टचा आहे. तेथे पाणी भेगांतून आणि मुरुमाच्या थरातून सावकाश मुरते, म्हणून आपण सलग समतल चर खणून ते अडवतो आणि जिरवतो. चुनखडीच्या प्रदेशात पाणी जिरवावे लागत नाही. ते भोकातून सरळ कोसळते आणि खडकात विरघळून तयार झालेल्या नळ्यांतून वाहू लागते. ओढ्यांमध्ये आणि गुहांमध्ये बिनविषारी रंग सोडून केलेल्या चाचण्यांत असे आढळले आहे की, भरपूर पाण्याच्या दिवसांत हे भूजल एका दिवसात कित्येक किलोमीटर अंतर कापते. वाटेत गाळणी नाही. विवराच्या तोंडाशी सांडलेले इंजिन ऑइल काही दिवसांतच झऱ्यावर पोचू शकते, आणि त्या झऱ्यात बार्टन स्प्रिंग्ज सॅलमँडर हा केवळ याच परिसरातील झऱ्यांत आणि भूजलात आढळणारा उभयचर प्राणी राहतो, ज्याला १९९७ साली संघीय कायद्याखाली संकटग्रस्त म्हणून संरक्षण मिळाले. त्यामुळे येथे ‘भोक दिसले की उकरा’ असे चालत नाही, आणि हेतू चांगला होता एवढे सांगून परवानगीची उणीव भरून निघत नाही.

पहिला प्रश्न: जमीन कोणाची?

टेक्सासमधील सुमारे ९५ टक्के जमीन खाजगी मालकीची आहे, आणि गुहा कोणाच्या जमिनीत उघडते यावरून तुमचा अर्ज कोणाकडे जाणार हे ठरते. ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

पहिली वाट महापालिकेच्या जमिनींची. १९९८ साली ऑस्टिनच्या मतदारांनी साडेसहा कोटी डॉलरचे रोखे मंजूर करून पुनर्भरण क्षेत्रातील, म्हणजे जेथून पाणी जलधरात उतरते त्या पट्ट्यातील, सुमारे १५ हजार एकर जमीन संरक्षणाखाली आणण्याचा निर्णय घेतला, आणि पुढे हे क्षेत्र आणखी वाढत गेले. या जमिनी बागांप्रमाणे सर्वांना खुल्या नाहीत. त्यांत प्रवेश मिळतो तो मुख्यतः मार्गदर्शकासह निघणाऱ्या फेऱ्यांतून आणि स्वयंसेवेच्या ठरलेल्या दिवशी, आणि त्यासाठी आगाऊ ऑनलाइन नोंदणी करावी लागते. याशिवाय शहर आणि ट्रॅव्हिस कौंटी मिळून सांभाळत असलेले बाल्कोनीझ कॅन्यनलँड्स प्रिझर्व्ह आहे. त्याची मूळ योजना १९९६ सालच्या संघीय परवान्यावर उभी असून तिच्यात ६२ गुहांच्या संरक्षणाची जबाबदारी नोंदलेली आहे. येथील नियम अर्थातच अधिक कडक आहेत.

दुसरी वाट संस्थांची. टेक्सास केव्ह मॅनेजमेंट असोसिएशन ही ना-नफा संस्था स्वतःच्या मालकीच्या किंवा व्यवस्थापनाखालील गुहांमध्ये कामाचे दिवस ठेवते. गुहा-भ्रमण करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना, म्हणजे १९४१ साली स्थापन झालेली नॅशनल स्पेलिओलॉजिकल सोसायटी, हिच्या स्थानिक शाखांना ‘ग्रोटो’ म्हणतात, आणि ऑस्टिनमध्ये विद्यापीठाच्या नावाने चालणारी अशी एक जुनी शाखा आहे. आत उतरून काम करण्याची इच्छा असेल, तर या मंडळींसोबत आधी दोन-चार सोप्या गुहा पाहिल्यावाचून ती पुरी होणे कठीण आहे. हा नियम लेखी कोठे सापडणार नाही, परंतु कामाचा प्रमुख अनोळखी माणसाला अरुंद विवरात उतरवत नाही आणि त्याने उतरवूही नये.

तिसरी वाट खाजगी जमिनीची. येथे मालकाची परवानगी लेखी घ्यावी, मग तो ओळखीचा असो वा नसो. टेक्सासच्या नैसर्गिक संसाधन संहितेतील गुहा-संरक्षणाच्या तरतुदींनुसार मालकाच्या संमतीवाचून गुहेतील चुनखडीच्या रचना तोडणे किंवा विद्रूप करणे हा गुन्हा आहे. आपल्या जमिनीवर कोणी जखमी झाल्यास दावा होईल या भीतीने मालक बहुधा नकार देतात. त्यांना नम्रपणे सांगण्यासारखी गोष्ट अशी की, टेक्सासच्या दिवाणी कार्यपद्धती संहितेतील प्रकरण ७५ हे मनोरंजनासाठी जमीन वापरू देणाऱ्या मालकाचे दायित्व मर्यादित करते आणि त्यातील ‘मनोरंजना’च्या व्याख्येत गुहा-भ्रमणाचा स्पष्ट उल्लेख आहे. उकरण्याचे काम त्या व्याख्येत कितपत बसते हा मात्र वकिलाला विचारण्याचा प्रश्न आहे, म्हणून वेगळे दायित्वमुक्तीचे, म्हणजे दुखापत झाल्यास मालकावर दावा न करण्याचे, पत्र करून घेणे शहाणपणाचे.

स्वयंसेवकाने द्यायची कागदपत्रे

येथे यादी लहान आहे. नोंदणी करताना नाव, संपर्क आणि आपत्कालीन प्रसंगी कळवायच्या व्यक्तीचा तपशील द्यावा लागतो, आणि कामाच्या आधी दायित्वमुक्तीच्या पत्रावर सही करावी लागते. हे पत्र सही करण्यापूर्वी खरोखर वाचावे. स्वयंसेवक हा कर्मचारी नसल्यामुळे दुखापतीच्या वैद्यकीय खर्चाची भरपाई त्याला मिळेलच असे नाही, त्यामुळे स्वतःचा आरोग्य विमा चालू असणे हीच खरी पात्रता समजावी. अल्पवयीन मुलांसाठी आईवडिलांपैकी एकाची सही लागते आणि पुष्कळदा प्रत्यक्ष सोबतही लागते. किमान वय कामागणिक बदलते, म्हणून कार्यक्रमाच्या सूचनेत ते पाहूनच मुलांना शब्द द्यावा.

एच-वन-बी, एच-फोर किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना पडणारा प्रश्न वेगळा असतो. सार्वजनिक संस्थेसाठी किंवा धर्मादाय संस्थेसाठी, कोणताही मोबदला न घेता आणि समाजकार्य म्हणून केलेले श्रमदान हे सर्वसाधारणपणे नोकरी मानले जात नाही. अडचण येते ती एरवी पगार देऊन करून घेतले जाणारे काम कोणी फुकट करू लागले तर. बादलीने माती उपसणाऱ्याला त्याची धास्ती नको, पण भूशास्त्रज्ञाने एखाद्या सल्लागार कंपनीसाठी ‘स्वयंसेवक’ म्हणून नकाशे काढून देऊ नयेत.

आयोजकाने घ्यायच्या परवानग्या

ही जबाबदारी साध्या स्वयंसेवकाची नाही, तरी ती माहीत असावी, कारण परवानगी नसलेल्या कामात हात घालणाऱ्यालाही झळ लागू शकते. शिवाय ज्यांच्या परसात किंवा सोसायटीच्या मोकळ्या जागेत विवर आहे, अशांना उद्या स्वतःच आयोजक व्हावे लागेल.

सर्वांत नाजूक विषय जिवांचा. ट्रॅव्हिस आणि विल्यमसन कौंटीतील गुहांमध्ये अंधारातच जन्मणारे आणि मरणारे कोळी, भुंगेरे आणि तत्सम जीव आहेत. त्यांपैकी काहींना १९८८ साली संकटग्रस्त म्हणून संरक्षण मिळाले. अशा गुहेत त्या जिवांचे सर्वेक्षण करण्यासाठी संघीय मत्स्य व वन्यजीव सेवेचा वैज्ञानिक परवाना लागतो, आणि त्या जिवांना इजा पोचेल असे काम परवान्याशिवाय करणे हा संकटग्रस्त प्रजाती कायद्याचा भंग ठरतो. ज्या मातीला आपण गाळ म्हणतो तीच एखाद्या भुंगेऱ्याचे घर असू शकते, म्हणून फावडे लावण्यापूर्वी जीवशास्त्रज्ञाने गुहा पाहणे ही निव्वळ औपचारिकता नव्हे. जमिनीवरच्या झुडपांनाही हाच न्याय आहे. गोल्डन-चीक्ड वॉर्बलर हा पक्षी स्थानिक जुनिपरच्या, म्हणजे इकडे ज्याला सरसकट ‘सीडर’ म्हणतात त्या झाडाच्या सालीच्या पट्ट्यांनी घरटे बांधतो, त्यामुळे त्याच्या अधिवासात वसंतापासून उन्हाळ्याअखेरपर्यंत झाडतोड टाळली जाते आणि विवराकडे जाणारी वाट मोकळी करण्याचे काम थंडीच्या महिन्यांत ठेवावे लागते.

त्यानंतर येतो पुरातत्त्वाचा भाग. राज्याच्या किंवा शहर-कौंटीच्या मालकीच्या जमिनीवर खणण्यापूर्वी टेक्सास हिस्टॉरिकल कमिशनला कळवणे पुरावस्तू संहितेनुसार आवश्यक ठरू शकते. विवर हा हजारो वर्षांचा सापळा असतो. १९६३ साली जॉर्जटाउनजवळ महामार्गाच्या पुलासाठी जमिनीत चाचणीची भोके पाडताना सापडलेल्या इनर स्पेस कॅव्हर्नमध्ये हिमयुगातील प्राण्यांचे अवशेष मिळाले, ते वरून आत पडलेल्या किंवा शिरलेल्या जनावरांचेच. म्हणून कामाच्या ठिकाणी माती चाळण्यासाठी जाळी लावलेली दिसते. हाड, दात किंवा गारगोटीचे हत्यार दिसताच काम थांबवून प्रमुखाला बोलवावे, आणि मानवी हाडे असल्याची शंका आली तर जमीन खाजगी असली तरी पोलिसांना कळवल्यावाचून पुढे जाऊ नये.

पर्यावरणाच्या बाजूने टेक्सास पर्यावरण गुणवत्ता आयोगाचे, म्हणजे टीसीईक्यूचे, एडवर्ड्स जलधर नियम आठ कौंट्यांत लागू आहेत: किनी, युवाल्डी, मेडिना, बेअर, कोमाल, हेज, ट्रॅव्हिस आणि विल्यमसन. पुनर्भरण क्षेत्रात बांधकामासारखे नियमनाखाली येणारे काम करायचे असेल, तर परवानाधारक भूवैज्ञानिकाचा अहवाल जोडून आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. केवळ हाताने कचरा आणि माती काढणे वेगळे आणि ओढ्याचे किंवा छपराचे पाणी वळवून विवरात सोडणे वेगळे. पाणी आत घालण्यासाठी नैसर्गिक विवरात फेरबदल केला, तर कायद्याच्या भाषेत ते ‘सुधारित विवर’ होते आणि पाचव्या वर्गातील अंतःक्षेपण विहीर (जमिनीत पाणी सोडणारी विहीर) म्हणून त्याची टीसीईक्यूकडे आधी नोंद करावी लागते. घरच्या पावसाचे पाणी बोअरला जोडायची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे अति वाटेल, पण गाळणी नसलेल्या खडकात दुसरा इलाज नाही. बुडा गावाजवळ अन्यन ओढ्याच्या पात्रात असलेल्या अँटिऑक गुहेच्या तोंडावर स्थानिक भूजल संवर्धन जिल्ह्याने, म्हणजे १९८७ साली स्थापन झालेल्या बार्टन स्प्रिंग्ज–एडवर्ड्स अ‍ॅक्विफर कॉन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्टने, काँक्रीटची कोठी आणि झडपा बसवल्या आहेत, त्या याच कारणाने: पुराचे पहिले गढूळ पाणी बाहेर ठेवायचे आणि प्रवाह निवळल्यावर झडप उघडून आत घ्यायचे.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी

हनुवटीखाली पट्टा असलेले हेल्मेट, जाड हातमोजे, बंद बूट, गुडघ्यांचे रक्षक आणि आत उतरणाऱ्या प्रत्येकाकडे तीन स्वतंत्र दिवे हा रिवाज आहे. बहुतेकांच्या वाट्याला मात्र वरची रांग येते, जेथे पाच गॅलनच्या बादल्या आतून हातोहात वर येतात, माती चाळली जाते आणि रिकाम्या बादल्या खाली परततात. हे काम दुय्यम समजू नये. आत माणसे फार मावत नाहीत आणि वरची रांग अडली की आतले सगळे थांबते.

मध्य टेक्सासच्या गुहांत, विशेषतः उन्हाळ्यात, कार्बन डायऑक्साइड साठतो. काही श्रम न करता धाप लागली किंवा डोके जड झाले, तर लाज न बाळगता तत्काळ बाहेर यावे. वटवाघळांना हात लावू नये, कारण रेबीजचा धोका असतो, आणि त्यांच्या विष्ठेच्या धुळीत हिस्टोप्लाझ्मोसिस या फुप्फुसाच्या रोगाची बुरशी असू शकते, म्हणून कोरड्या जागी मास्क घालावा. अग्निमुंग्या आणि रॅटलस्नेक हे बाहेरचे धोके आहेत. धनुर्वाताची लस ताजी असावी.

निघण्यापूर्वी कपडे आणि साधने निर्जंतुक करण्याची सूचना मिळेल. वटवाघळांमधील व्हाइट-नोज रोगाची बुरशी टेक्सासमध्ये २०१७ पासून आढळते आणि ती चिखलाबरोबर एका गुहेतून दुसऱ्या गुहेत जाते, म्हणून पाण्यात बुडवता येईल ते सामान ५५ अंश सेल्सियसच्या पाण्यात किमान २० मिनिटे ठेवावे. दुसऱ्या राज्यातील गुहेत वापरलेले बूट तर आणूच नयेत. गुहेचे ठिकाण फोटोतून किंवा समाजमाध्यमांवरील नकाशातून उघड करू नये. नव्या भागाची मापे घेतली असतील, तर ती प्रमुखामार्फत गुहांच्या नोंदी ठेवणाऱ्या टेक्सास स्पेलिओलॉजिकल सर्व्हेकडे नोंदवली जातात.

आणि जाताना हजेरीच्या कागदावर येण्या-जाण्याची वेळ लिहून सही करावी. कंटाळवाणा वाटणारा हा कागद आयोजकाला फार मोलाचा असतो, कारण अनेक संघीय अनुदानांत स्थानिक हिस्सा म्हणून स्वयंसेवकांचे तास डॉलरमध्ये मोजून दाखवता येतात, आणि सही नसलेला तास हिशेबात धरला जात नाही.