उत्तर चुकलं म्हणजे येत नाही, असं कुठंय?

हल्ली ऑनलाइन कोर्सच्या जाहिरातीत एक वाक्य ठरलेलं असतं, "आमचं एआय तुमच्या शिकण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलतं". त्याच्या जोडीला ते जुनं खूळ आहेच, की काही लोक बघून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून, म्हणून आधी तुमचा टाइप काढा आणि मग तसंच शिकवा. २००८ मध्ये पॅशलर, मॅक्डॅनियल, रोहरर आणि ब्योर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी यावरचं सगळं संशोधन तपासलं, तर टाइपप्रमाणे शिकवल्याने जास्त येतं असं म्हणण्याइतका पुरावाच मिळाला नाही. आवडनिवड असते हो, कुणाला व्हिडिओ आवडतो, कुणाला वाचायला, पण आवडलं म्हणजे डोक्यात शिरलं असं नाही. तरी आपल्याकडे बोटांचे ठसे देऊन पोराची बुद्धी कुठल्या प्रकारची ते काढून आणणारे पालक आहेतच, डीएमआयटी म्हणतात त्याला, रंगीत रिपोर्ट मिळतो. हात बघणाऱ्याने लॅपटॉप घेतला, एवढाच काय तो फरक.

मग माणूस बघून ट्रेनिंग बदलणं हे सगळंच थोतांड का? तर नाही. टाइप सोडा, पण कुणाला आधीपासून किती येतं आणि कुठल्या भाषेत कळतं हे फरक अगदी खरे आहेत, आणि सोलापुरात तर ते एका खोलीत बसलेले दिसतील. समजा टॉवेलच्या कारखान्यात जुने माग जाऊन रॅपियर (धोट्याशिवाय चालणारे नवे माग) येणार आहेत आणि कामगारांना मोबाईलवर ट्रेनिंग द्यायचंय. शहराच्या पूर्व भागातला माणूस घरी तेलुगू बोलणार, अक्कलकोटकडून येणारा कन्नड, कुणी उर्दू, आणि कोर्स मात्र मराठीत, तोही सरकारी परिपत्रकाच्या मराठीत. एकाने निम्मं आयुष्य मागावर काढलेलं, दुसरा परवा बारावी झालेला. दोघांना तोच दीड तासाचा व्हिडिओ लावला तर पहिला झोपणार आणि दुसरा हरवणार, ते तर दिसतंच. खरा प्रश्न असा की कुणाला काय येतं हे सॉफ्टवेअरला कळणार कसं? त्याला माणूस दिसत नाही, दिसतात ती फक्त उत्तरं, बरोबर किंवा चूक.

यावरची जी युक्ती आहे ती मला जाम आवडते. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात कॉर्बेट आणि अँडरसन हे दोघं प्रोग्रॅमिंग शिकवणारं सॉफ्टवेअर करत होते, त्यांनी १९९० च्या दशकात ही मांडली, नाव नॉलेज ट्रेसिंग. मागे गणित आहे ते थॉमस बेझ नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचं, त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापलेलं. एका कौशल्यासाठी फक्त चार आकडे लागतात: सुरुवातीलाच येत असण्याची शक्यता, एका प्रश्नानंतर शिकण्याची शक्यता, येत नसताना अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता म्हणजे गेस, आणि येत असूनही चुकण्याची शक्यता म्हणजे स्लिप.

आता आकडे घालू, कंटाळू नका. १०० कामगार घ्या. कौशल्य एकच, आडवा धागा तुटून माग थांबला तर काय करायचं. यातल्या ३० जणांना येतं, ७० जणांना येत नाही. प्रश्नाला चार पर्याय, म्हणून गेस २५ टक्के. स्लिप १० टक्के धरू. येणाऱ्या ३० पैकी २७ जण बरोबर देतील, ३ चुकतील. न येणाऱ्या ७० पैकी साधारण साडेसतरा जण नुसत्या अंदाजाने बरोबर देतील (अर्धा माणूस गणितात चालतो). म्हणजे बरोबर उत्तरं साडेचव्वेचाळीस, त्यातली खरी २७. तर बरोबर उत्तर दिलेल्या माणसाला खरंच येत असण्याची शक्यता ३० वरून ६१ टक्क्यांवर गेली. उरलेल्या ३९ टक्क्यांत, प्रश्न सोडवता सोडवता दहातला एक शिकतो असं धरलं, की आणखी ४ मिळाले, झाले ६५. आता हा ६५ सुरुवातीचा आकडा धरून पुढचा प्रश्न. परत बरोबर आलं तर ८८. तिसरंही बरोबर तर ९७. साधारण ९५ ओलांडले की सॉफ्टवेअर म्हणतं याला येतं, पुढच्या धड्याला चला. म्हणजे जुना मागवाला तीन प्रश्नांत सुटला, दीड तास वाचला, आणि नव्या पोराला जिथे अडलंय तिथलाच सराव मिळत राहिला. एआय एआय म्हणून जे विकतात त्यात बऱ्याचदा आत एवढंच असतं, दहावीतली संभाव्यता. न्यूरल नेटवर्क वापरणारे प्रकार २०१५ पासून आलेत, पण त्यांच्या पोटात काय चाललंय ते बनवणाऱ्यालाही धड सांगता येत नाही, इथे निदान पेन घेऊन तपासता येतं.

आता खोच बघा, आणि सगळी गंमत या खोचेतच आहे. स्लिप १० टक्के हे ठरवलं कुणी? हा आकडा सहसा सगळ्यांच्या उत्तरांवरून काढतात आणि सगळ्यांना एकच लावतात. आता प्रश्न असा आला, "खालीलपैकी कोणती कृती अयोग्य आहे?" घरी तेलुगू बोलणारी, मराठी बोलता येणारी पण वाचताना अडखळणारी बाई आहे, तिच्या नजरेतून तो "अ" निसटला, तिने योग्य कृती निवडली, उत्तर चूक. धागा कसा जोडायचा ते तिला सुपरवायझरपेक्षा चांगलं येतं. तिची स्लिप १० नाही, समजा ४० आहे.

परत १०० माणसं. आतापर्यंतचा अंदाज ६५ टक्के, म्हणजे ६५ जणांना येतं, ३५ जणांना नाही. न येणाऱ्यांतले साधारण २६ चुकणार. स्लिप १० असेल तर येणाऱ्यांतले साडेसहा चुकणार, म्हणजे चुकलेल्यांत खरं येणारे फक्त २० टक्के. पण स्लिप ४० असेल तर येणाऱ्यांतलेही २६ चुकणार, सव्वीसला सव्वीस, म्हणजे चुकलेल्यांतल्या बरोबर निम्म्या लोकांना येत असतं! चूक तीच, प्रश्न तोच, पण एका हिशोबाने तिला येत असण्याची शक्यता २० वर घसरते आणि दुसऱ्याने ५० वर. सॉफ्टवेअर पहिला हिशोब लावतं आणि तिला परत पहिल्या धड्यावर पाठवतं, ती बिचारी वैतागते आणि मग रिपोर्टमध्ये येतं की कामगारांना शिकण्यात रस नाही.

हे संशोधकांनाही जाणवलं होतं, २००८ मध्ये बेकर, कॉर्बेट आणि अलेवेन यांनी गेस आणि स्लिप प्रसंग बघून बदलायची पद्धत मांडली, उत्तराला किती वेळ लागला, मदत मागितली का, असलं बघून. अजून एक भोक म्हणजे मूळ मॉडेलमध्ये विसरणं नाहीच, एकदा आलं ते कायमचं आलं. सोलापुरातली गड्ड्याची जत्रा उरकून परत आलेल्या माणसाला विचारा म्हणावं. शिवाय मोबाईल घरात एकच असेल तर दुपारची उत्तरं आईची आणि रात्रीची पोराची, मॉडेलला वाटणार एकच माणूस भलताच लहरी आहे, त्यावर कुठलंही गणित चालत नाही ओ.

तेलुगू मजकूर दिला की काम झालं असं समजू नका. मराठी शाळेत शिकलेल्या बऱ्याच जणांना तेलुगू बोलता येतं पण लिपी वाचता येत नाही, त्यांना आवाज लागतो. आणि आवाज मागांच्या खडखडाटात ऐकू येत नाही, म्हणजे तो शिफ्ट संपल्यावर, आणि शेडमध्ये असताना चित्र. जिल्ह्यातल्याच परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला त्यातही पुस्तकातल्या क्यूआर कोडइतकंच कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी धडे त्यांच्या भाषेत करणं होतं, पण बातम्यांत क्यूआर कोडच जास्त गाजला.

तर करायचं काय, तर एकाच कौशल्याचे दोन प्रश्न ठेवायचे, एक लेखी मराठीत आणि एक चित्र दाखवून घरच्या भाषेतल्या आवाजात, कुणाला आधी हा कुणाला आधी तो, म्हणजे पहिल्यावर शिकून दुसरा बरोबर आला तरी तो फायदा एकाच प्रकारच्या प्रश्नाला मिळणार नाही. दोन्हीत चुकला तर बहुतेक येत नाही. लेखीत चुकला आणि आवाजात बरोबर, असे लोक बरेच निघाले तर ती बहुतेक स्लिप आहे, धडा परत दाखवू नका, प्रश्न बदला. याला सॉफ्टवेअरसुद्धा लागत नाही, माणसामागे दोन रकाने आणि एक एक्सेलची शीट पुरते.