गाईच्या मानेवरची सूज काय सांगते?

ब्रिटनमध्ये क्षयरोगाच्या चाचणीत बाधित ठरलेली जनावरे कत्तलीला पाठवली जातात, अशी बातमी आली की आपल्याकडे हमखास विचारले जाते, की बाळांना देतात ती बीसीजी लस गाईंना का देत नाहीत? हा प्रश्न रास्त आहे, कारण ही लस मुळात गाईच्याच क्षयजंतूपासून तयार झाली. फ्रान्समध्ये काल्मेट आणि गेरँ या शास्त्रज्ञांनी १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षे 'मायकोबॅक्टेरियम बोव्हिस' हा जंतू प्रयोगशाळेत सुमारे २३० वेळा नव्याने वाढवला आणि तो दुबळा होत गेला.

अडचण येते ती तपासणीत. पशुवैद्य गाईच्या मानेवर दोन ठिकाणचे केस कातरतो, कातडीची घडी चिमटीत धरून कॅलिपरने जाडी मोजतो, मग वरच्या जागी पक्ष्यांच्या आणि खालच्या जागी गाईच्या क्षयजंतूपासून काढलेले ट्युबरक्युलिन, म्हणजे जंतूच्या प्रथिनांचे मिश्रण, टोचतो. शरीराची पूर्वी या जंतूशी गाठ पडली असेल, तर ती ओळख जपणाऱ्या टी-पेशी, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी, तिथे गोळा होतात आणि कातडी सुजते. ७२ तासांनी पुन्हा मोजताना खालची सूज वरच्यापेक्षा ४ मिलिमीटरहून अधिक भरली, तर ते जनावर बाधित धरतात. वरचे टोचणे तुलनेसाठी असते, कारण माती-पाण्यातल्या निरुपद्रवी भाईबंद जंतूंमुळेही थोडी सूज येते. मात्र बीसीजी टोचलेली निरोगी गायही याच चाचणीत बाधित ठरू शकते. म्हणून ब्रिटनमध्ये गुरांना ही लस देण्यास मनाई केली गेली.

यातून सुटण्याची वाट त्या तेरा वर्षांतच दडलेली होती. वारंवार वाढवताना जंतूच्या जनुकसंचातला 'आरडी-१' नावाचा तुकडा गळून पडला. त्याच तुकड्यात ईसॅट-६ आणि सीएफपी-१० या प्रथिनांची जनुके होती, त्यामुळे ती रानटी जंतूत आहेत, लशीत नाहीत. नव्या चाचणीत मोघम ट्युबरक्युलिनऐवजी ही दोन आणि आणखी एक प्रथिन टोचतात. त्या तिसऱ्याचे जनुक बीसीजीत शाबूत आहे, परंतु ते पेशीबाहेर टाकणारी यंत्रणा आरडी-१ सोबत गेल्याने गाईच्या संरक्षक पेशींना ते नीट दिसतच नाही. लस दिलेली निरोगी गाय या चाचणीत सुजू नये, हेच अपेक्षित आहे. इंग्लंडमध्ये लस आणि चाचणी यांच्या प्रत्यक्ष गोठ्यांतल्या चाचण्या २०२१ मध्ये सुरू झाल्या.

तिथे बिज्जू (बॅजर) या रानटी प्राण्यांकडूनही गुरांना हा रोग होतो, पण त्यांना मारण्याचा मार्गही वादग्रस्त ठरला. १९९८ ते २००५ च्या मोठ्या प्रयोगात मारणीच्या क्षेत्रात गुरांचा रोग घटला, पण वाचलेले बिज्जू विस्कळीत होऊन फिरू लागल्याने सीमेलगत तो वाढला.

हा जंतू दुधावाटे माणसातही येतो. 'कच्चे दूध अधिक सकस' असे सांगणारे व्हिडिओ सध्या फिरतात. ते धोकादायक आहेत, आणि दूध उकळून पिण्याची आपली रीत शास्त्रशुद्ध आहे.

भारतात लहान गोठे आणि अनेक राज्यांतले गोवंश हत्याबंदीचे कायदे यांमुळे 'तपासा आणि मारा' हे धोरण राबवणे अवघड आहे. म्हणूनच लस टोचलेल्या चार गाईंपैकी नेमकी कोणती वेगळ्या दावणीला बांधायची, हे सांगणारी चाचणी आपल्यालाही तितकीच हवी आहे.