गरज कोणाची, हेतू कोणाचा? अरब समाजांतल्या पाहण्यांची पार्श्वभूमी

'गरज' हा आपला रोजचा शब्द फारसीच्या वाटेने अरबीतून मराठीत आला. अरबीत मात्र त्याचा मूळ अर्थ 'हेतू', 'उद्देश' असा आहे. अरब समाजांत लोकांना नेमके काय हवे आहे, याचा शोध घेणाऱ्या अभ्यासांचा इतिहास वाचू लागले की हे दोन्ही अर्थ एकमेकांत गुंतलेले दिसतात. गरज लोकांची असते, आणि विचारणाऱ्याचाही काही हेतू असतो. इथे भर इजिप्तवर आहे, कारण तिथे ही गुंतागुंत सर्वांत ठळक दिसते.

1923 च्या इजिप्तच्या राज्यघटनेने मुलगे आणि मुली दोघांनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कागदावर ही मोठीच झेप होती. गावात मात्र अजून कुत्ताब होते, म्हणजे कुराण पाठ करून घेणाऱ्या शाळा. नामवंत लेखक ताहा हुसेन अशाच एका कुत्ताबातून पुढे आले. लहानपणी डोळे आले असता गावच्या न्हाव्याने केलेल्या उपचारांत त्यांची दृष्टी गेली. शिक्षण पाणी आणि हवेइतकेच आवश्यक आहे, हे त्यांचे म्हणणे इजिप्तमध्ये आजही लोकांच्या तोंडी आहे. प्राथमिक शिक्षण 1944 मध्ये मोफत झाले आणि 1950 मध्ये ते स्वतः शिक्षणमंत्री असताना माध्यमिकही. उच्च शिक्षण मोफत व्हायला 1962 उजाडले. शिक्षण सर्वांपर्यंत नेऊ पाहणाऱ्या या माणसांची तळमळ खरी होती. पण गरज काय, हे कैरोत बसून ठरत होते. खेड्यातल्या शेतकऱ्याला, फल्लाहला, कोणी विचारले नव्हते.

विचारायला गेला तो त्या खेड्यातलाच एक मुलगा. हामिद अम्मार यांचा जन्म 1921 मध्ये आसवान प्रांतातल्या सिल्वा या गावी झाला. ते शिकत शिकत लंडनपर्यंत पोचले आणि पीएच.डी.साठी विषय निवडला तो आपलेच गाव. 1954 मध्ये तो प्रबंध पुस्तकरूपाने आला. सिल्वात मूल कसे वाढते, कोणते खेळ खेळते, दृष्ट लागू नये म्हणून आई काय करते, हे त्यांनी आतल्या माणसाच्या नजरेने टिपले. त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि तो आपल्याही ओळखीचा आहे: अदब. चांगले मूल म्हणजे अदब असलेले मूल. मोठ्यांसमोर गप्प बसणारे, उलट न विचारणारे. मला हे पुस्तक महत्त्वाचे वाटते ते इथेच. शाळा बांधणे, शिक्षक नेमणे, पुस्तके छापणे ही सगळी मोजता येणारी कामे आहेत. पण ज्या घरात प्रश्न विचारणे हा उद्धटपणा ठरतो आणि ज्या कुत्ताबात पाठांतर चुकले की छडी बसते, तिथल्या मुलाला नव्या शाळेत काय हवे, हे कोणत्याही जनगणनेच्या तक्त्यात सापडणार नव्हते.

त्याच सुमारास, 1952 मध्ये, युनेस्को आणि इजिप्त सरकारने नाईलच्या त्रिभुज प्रदेशात सिर्स अल-लय्यान इथे एक केंद्र उभे केले. निरनिराळ्या अरब देशांतून आलेल्या प्रशिक्षणार्थींनी आसपासच्या खेड्यांत जायचे, लोकांशी बोलायचे आणि अक्षरओळख, आरोग्य, शेती, हस्तकला यांचे काम एकत्र करायचे, अशी कल्पना होती. अम्मार यांनीही पुढे तिथे काम केले.

विचारणे आणि ठरवणे यांतली दरी किती खोल असू शकते, हे न्युबियात, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडील नाईलकाठच्या प्रदेशात, दिसले. मराठी वाचकाला 'धरणग्रस्त' हा शब्द समजावून सांगायला नको. न्युबियन लोक त्या शब्दासह तीन पिढ्या जगले: आसवानचे जुने धरण 1902 मध्ये झाले, त्याची उंची 1912 आणि 1933 मध्ये वाढली आणि दर वेळी गावे वर सरकली. (त्यांची मातृभाषा अरबी नाही. 'अरब समाज' म्हणताना अशी माणसे सहज नजरेआड होतात.) 1960 मध्ये नव्या उंच धरणाचे काम सुरू झाले. कैरोच्या अमेरिकन विद्यापीठातील सामाजिक संशोधन केंद्राने 1961 पासून न्युबियात मोठी पाहणी केली. घरे, नाती, लग्ने, शहरात आचारी किंवा दरवान म्हणून राबणारे पुरुष, मागे राहिलेल्या बायका, सगळ्याची नोंद झाली. पण स्थलांतराचा निर्णय आधीच झालेला होता. 1963-64 मध्ये सुमारे 50 हजार लोकांना कोम ओम्बोजवळ हलवले गेले. सिल्वाही याच भागात, नदीच्या थोडे खालच्या अंगाला आहे. नव्या वसाहतीत घरे कुटुंबाच्या आकारानुसार वाटली गेली. त्यामुळे म्हातारी आई एका टोकाला आणि मुलाचे बिऱ्हाड दुसऱ्या टोकाला, असे झाले. नदीकाठी मोठ्या अंगणात राहिलेली माणसे नदीपासून कित्येक किलोमीटर दूर, एकाला एक चिकटलेल्या घरांत आली. नात्यांची अचूक नोंद हाताशी असताना नातीच तुटली, हे वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते.

शिवाय विचारायची परवानगी कोण देतो, हा प्रश्न उरतोच. लेबनॉनमध्ये 1932 नंतर जनगणनाच झालेली नाही. सत्तेची वाटणी पंथांनुसार असल्याने माणसे मोजणेच धोक्याचे ठरते. इजिप्तमध्ये 1964 पासून सांख्यिकीची एक केंद्रीय सरकारी संस्था आहे आणि लोकांत जाऊन पाहणी करायची तर तिची परवानगी लागते.

2002 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा पहिला अरब मानव विकास अहवाल आला. प्रमुख लेखक नादिर फर्गानी इजिप्तचे होते आणि बाकी लेखकही अरबच. स्वातंत्र्य, स्त्रियांचे सक्षमीकरण आणि ज्ञान या तिन्हींची उणीव आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. सुमारे 6.5 कोटी प्रौढ निरक्षर होते आणि त्यांत जवळपास दोन तृतीयांश स्त्रिया. किशोरवयातल्या थोड्या मोठ्या मुलांना विचारले तेव्हा 51 टक्क्यांनी देश सोडून जायची इच्छा सांगितली. सिल्वातले मूल मोठ्यांपुढे बोलत नव्हते. इथे मुले बोलली आणि काय बोलली पाहा.

आणि विचारणे विचारणाऱ्याच्याही जिवावर बेतू शकते. 2016 च्या जानेवारीत केंब्रिज विद्यापीठाचा जूलिओ रेजेनी हा इटालियन संशोधक कैरोत बेपत्ता झाला. स्वतंत्र कामगार संघटनांचा अभ्यास करताना तो रस्त्यावरच्या फेरीवाल्यांशी बोलत होता. 3 फेब्रुवारीला त्याचा मृतदेह सापडला, अंगावर छळाच्या खुणा होत्या. पुढे इटलीत इजिप्तच्या चार सुरक्षा अधिकाऱ्यांवर त्यांच्या गैरहजेरीत खटला उभा राहिला.