एकट्या वार्ताहराची गोष्ट पाच वर्षे कशी टिकली?

१० जुलै २०११ रोजी ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’चा अखेरचा अंक निघाला. १८४३ पासून चालत आलेल्या या ब्रिटिश रविवारच्या पत्राच्या तेव्हाही २५ लाखांहून अधिक प्रती खपत होत्या. तरी मालक रूपर्ट मरडॉक यांनी ते गुंडाळले. सहा दिवस आधी ‘गार्डियन’ने बातमी दिली होती की, २००२ मध्ये बेपत्ता होऊन खून झालेल्या १३ वर्षांच्या मुलीचे व्हॉइसमेल या पत्राने चोरून ऐकले. (ते निरोप पत्रानेच पुसल्याने आईवडिलांना खोटी आशा लागली, हा बातमीतला भाग पुढे सिद्ध झाला नाही. संताप मात्र त्यानेच सर्वाधिक उसळला.)

प्रकरण तोवर बरेच जुने झाले होते. नोव्हेंबर २००५ मध्ये राजपुत्र विल्यम यांच्या गुडघेदुखीची बातमी छापून आली आणि इतके आतले बाहेर कसे गेले, असा राजवाड्याला संशय आला. तंत्र साधे होते. मोबाइल कंपनीने दिलेला मूळ पिन बहुतेक जण बदलत नसत. तो दाबला की दुसऱ्याचे निरोप ऐकता येत. जानेवारी २००७ मध्ये राजघराण्याचे वार्ताहर क्लाइव्ह गुडमन आणि खासगी गुप्तहेर ग्लेन मल्केअर तुरुंगात गेले. संपादक अँडी कौल्सन यांनी राजीनामा दिला, पण आपल्याला काहीच ठाऊक नव्हते असे सांगून. हे एकट्या वार्ताहराचेच काम, असे मरडॉक यांची कंपनी सांगत राहिली. तिने एका नासक्या आंब्याकडे बोट दाखवले आणि आढी झाकून ठेवली.

आढी उघडायला पोलिसांकडे सगळे काही होते. मल्केअर यांच्याकडून जप्त केलेल्या नोंदींची सुमारे ११,००० पाने त्यांच्या ताब्यात होती आणि काम सांगणाऱ्याचे नाव अनेक पानांच्या कोपऱ्यातच लिहिलेले होते. त्यात गुडमनखेरीज इतरांचीही नावे होती. जुलै २००९ मध्ये ‘गार्डियन’ने कंपनीने पीडितांशी केलेल्या गुपचूप तडजोडी उघड केल्या, तेव्हा पोलीस अधिकारी जॉन येट्स यांनी त्याच दिवशी फेरतपासाची गरज नसल्याचे जाहीर केले. पानांचा गठ्ठा वाचायलाही तेवढा वेळ पुरला नसता.

हे नुसत्या आळसाने झाले असे म्हणणे भोळेपणाचे ठरेल. पोलिसांना पैसे दिल्याचे याच कंपनीच्या ‘द सन’ या दैनिकाच्या तेव्हाच्या संपादक रिबेका ब्रूक्स यांनी २००३ मध्येच संसदीय समितीपुढे सांगितले होते. त्यावर काही हालले नाही. बडे पोलीस अधिकारी आणि कंपनीचे संपादक एका पंगतीला बसत. कौल्सन तर तोवर पुढे पंतप्रधान झालेल्या डेव्हिड कॅमेरॉन यांचे प्रसिद्धिप्रमुख झाले होते.

२०११ च्या जुलैत मात्र पडझड झपाट्याने झाली. ‘बीस्कायबी’ ही उपग्रह दूरचित्रवाणी कंपनी पूर्ण ताब्यात घेण्याची मरडॉक यांची बोली मागे गेली. ब्रूक्स, लंडनचे पोलीस आयुक्त आणि येट्स यांनी पदे सोडली. २०१४ मध्ये कौल्सन यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. ब्रूक्स निर्दोष सुटल्या आणि वर्षभराने कंपनीच्या ब्रिटनमधल्या प्रमुखपदी परतल्या.

या प्रकरणानंतर सरकारने नेमलेल्या न्या. लेव्हसन यांच्या चौकशीचा पहिला अहवाल २०१२ मध्ये आला. कंपनीत कोणाला काय ठाऊक होते आणि पोलिसांशी लागेबांधे कसे होते, हे दुसऱ्या भागात तपासायचे होते. तो भाग सरकारने २०१८ मध्ये रद्द केला. जानेवारी २०२५ मध्ये राजपुत्र हॅरी यांच्या दाव्यात कंपनीने माफी मागितली, ‘द सन’साठी काम करणाऱ्या खासगी गुप्तहेरांची बेकायदा कृत्ये कबूल केली आणि भरपाई दिली. साक्षीपुरावे सुरू होण्याआधीच दावा मिटला.