जनुकाच्या पेटंटपासून भिन्नतेच्या नोंदींपर्यंत : पार्श्वभूमी

डीएनए क्रमवाचनाची, म्हणजे त्यातील रासायनिक अक्षरांचा क्रम वाचण्याची, पद्धत १९७७ पासून उपलब्ध असली, तरी गुंतवणूकदारांना तिची खरी धग जाणवली ती १४ मार्च २००० रोजी. मानवी जनुकसंचाची (माणसाच्या संपूर्ण डीएनएची) मूळ माहिती सर्वांना खुली असावी, असे निवेदन अमेरिका व ब्रिटनच्या नेत्यांनी संयुक्तपणे काढले आणि जनुकांची पेटंटे धोक्यात येतील या भीतीने जैवतंत्रज्ञानाचे शेअर कोसळले. वास्तविक त्याच निवेदनात जनुकाधारित शोधांच्या पेटंटचे समर्थन होते. पण तितके वाचण्याइतका धीर बाजाराला नव्हता.

खरा वाद मात्र बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांवरून झाला. त्यांतील काही बदलांमुळे स्तनाच्या व बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. या जनुकांची पेटंटे हाती असलेल्या अमेरिकी कंपनीने चाचणीवर मक्तेदारी राखली आणि शुल्क तीन हजार डॉलरच्या वर नेले. २०१० मध्ये कनिष्ठ न्यायालयाने पेटंटे अवैध ठरवली, अपील न्यायालयाने तो निर्णय बहुतांशी फिरवला आणि १३ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, शरीरातील जनुक केवळ वेगळे काढल्याने तो शोध ठरत नाही. प्रयोगशाळेत घडवलेल्या पूरक डीएनएला मात्र पेटंट मिळू शकते. दोन्ही बाजूंनी विजयाचा दावा केला. कंपनीचा शेअर आधी चढला आणि बाजार बंद होताना आदल्या दिवसाच्या खाली आला. प्रतिस्पर्ध्यांनी त्याच दिवशी स्वतःच्या चाचण्या जाहीर केल्या.

या निकालाला मिळाले त्याहून अधिक लक्ष कंपनीच्याच एका जुन्या निर्णयाला मिळायला हवे होते. रुग्णांमध्ये आढळलेल्या बदलांच्या नोंदी सार्वजनिक संग्रहाला देणे कंपनीने त्याआधी सुमारे दशकभर थांबवले होते. जनुकातले एखादे अक्षर बदललेले दिसले, तरी तो बदल घातक की निरुपद्रवी हे अनेक कुटुंबांच्या नोंदी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. तोवर अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असाच शेरा येतो. पेटंटला मुदत असते, कंपनीने स्वतःकडेच ठेवलेल्या अशा नोंदींच्या संग्रहाला नसते.

एका व्यक्तीचा जनुकसंच वाचण्याचा खर्च २००१ मधील सुमारे दहा कोटी डॉलरवरून पुढे हजार डॉलरच्या आसपास उतरला, तेव्हा वाचनापेक्षा अर्थ लावणे महाग ठरू लागले. त्यातही उपलब्ध नोंदी प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या असल्याने इतरांच्या अहवालांत अनिश्चित शेरे अधिक येतात. भारतातील दहा हजार व्यक्तींच्या जनुकसंचांची माहिती संशोधकांसाठी खुली झाली ती जानेवारी २०२५ मध्ये.